विश्वासात वाढायचं तर आधी काय वाचावं?

पानोपान : नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्या माणसाने “काय वाचू?” असं विचारलं की त्याच्या हातात पुस्तकांची लांबलचक यादी पडते. माझं ठाम मत आहे की पहिलं वर्षभर यादी नकोच. बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा घ्यावी. अध्याय अवघे 16, एका बैठकीत वाचून होतात. मग लूक, प्रेषितांची कृत्ये आणि रोज एक स्तोत्र.

रोज एक वचन देणाऱ्या मननपुस्तिकांपासून तर सुरुवात करूच नये. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 बघा. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, हे वचन शुभेच्छापत्रांवर, भिंतींवर सगळीकडे असतं. पण ते बाबेलात (बाबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. 10व्या वचनात बंदिवासाचा 70 वर्षांचा काळ सांगितलाय. 5व्यात तर तिथेच घरं बांधा, मळे लावा, असं आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण सुटका बघायला जिवंतही राहणार नव्हते. हे गाळून फक्त 11वं वचन पाठ केलेला माणूस पहिल्या मोठ्या दुःखात कोलमडतो.

ओवी : पुस्तिकांबद्दल सहमत, बाकी अजिबात नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8. इथिओपियाचा अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. येशूचा प्रचारक फिलिप्प विचारतो, समजतंय का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? फिलिप्प त्याच्या शेजारी जाऊन बसला. चांगलं पुस्तक हेच करतं.

चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचंच घ्या. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं त्याच्याकडे आधीपासून होती, तो ती वाचतही होता. तरी आतून हलला तो अंतोनी या तपस्व्याची जीवनकथा ऐकल्यावर. त्यानंतर बागेत पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं आणि 13व्या अध्यायातल्या दोन वचनांनी त्याचा निर्णय झाला. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या आठव्या भागात हे सगळं त्याने स्वतः लिहिलंय. दुसऱ्या विश्वासणाऱ्याची कहाणी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या आड आली नाही, उलट तिने त्याला शास्त्राकडे ढकललं.

मंदवात : पुस्तिकांना इतकं झोडपू नका. घरात आजारपण असलं, रात्र जागून काढली, की सकाळी दहा मिनिटं मिळतात तीच. तेव्हा एक वचन आणि चार ओळी हाच आधार असतो. वचन दिलं असेल तर पूर्ण अध्याय उघडा, एवढंच सांगा ना.

पानोपान : @ओवी, फिलिप्पाला उलट प्रश्न विचारता येत होते, पुस्तकाला विचारता येत नाहीत. आणि प्रेषितांची कृत्ये मधल्या बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहिलं. ताडायला आधी शास्त्र ठाऊक हवं. नवखा माणूस लेखकाचं मत म्हणजेच देवाचं वचन समजून बसतो, माझी खरी भीती ही आहे.

@मंदवात, पूर्ण अध्याय उघडणार असाल तर माझी काहीच हरकत नाही. बहुतेक जण उघडत नाहीत.

ओवी : भीती रास्त आहे. पण मग शास्त्र आणि पुस्तक दोन्ही शेजारी उघडी ठेवून वाचायला शिकवा, वर्षभराची बंदी कशाला? जर्मन पाळक बॉनहोफरचं शिष्यत्वावरचं पुस्तक 1937 मध्ये आलं. त्याचा मोठा भाग येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावरच (मत्तय, अध्याय 5 ते 7) आहे. कृपा फुकट मिळते म्हणून तिला स्वस्त समजू नका, हे बजावणारा हा माणूस पुढे 1945 मध्ये नाझींच्या हातून फाशी गेला. नवख्याला सांगा : आधी मत्तय 5 ते 7, मग बॉनहोफरचा तो भाग, मग पुन्हा मत्तय. कुठे पटलं नाही ते समासात लिहून ठेव आणि मंडळीत (चर्चमध्ये) कुणालातरी विचार.