मदत हवी आहे: रोमन डेनारियस चांदीचा की तांब्यावर मुलामा?

नमस्कार मंडळी,

रोमन प्रजासत्ताकाची नाणी हाताळलेलं इथे कुणी आहे का? मी सध्या जर्मनीत असतो. गेल्या महिन्यात इथल्या नाणेबाजारातून दातेरी कडेचा एक डेनारियस (रोमन चांदीचं नाणं) घेतला. जर्मन टोळ्यांना अशी दातेरी नाणी पसंत असत असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय, त्या ओढीनेच घेतला. एका बाजूला व्हीनसचं मुख आणि 'एस सी' (सिनेटच्या आदेशाने) ही अक्षरं, दुसरीकडे तीन घोड्यांच्या रथात विजयादेवी, खाली गायस नेवियस बाल्बस या टांकसाळ अधिकाऱ्याचं नाव. म्हणजे इ.स.पू. 79 च्या सुमाराचा.

शंका वजनामुळे आली. तेव्हा एका रोमन पौंडात 84 डेनारियस पाडत, म्हणजे एक साधारण 3.9 ग्रॅमचा. माझा भरतो 3.12. झीज म्हणावी तर घोड्यांचे पाय अजून ठसठशीत आहेत. मग दोऱ्याला बांधून पाण्यात तोलला. 0.34 ग्रॅम घट आली, म्हणजे घनता 9.2 च्या आसपास. चांदीची 10.5, तांब्याची 8.9. काट्याची एका शतांश ग्रॅमची चूक धरली तरी साडेनऊच्या वर जात नाही. दातेरी कडेच्या एका खाचेत हिरवट डागही आहे.

खाचांमुळे आतलं तांबं लपत नाही असं वाचलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. हे त्याच काळातलं खोटं नाणं असेल तर मी जिवापाड जपेन, रोमन बाजारात ते कुणीतरी खरं म्हणून घेतलं असेल. आजकालचं असेल तर परत करायचंय. कसं ओळखू? आई म्हणते दंतमंजनाने चोळ, पण अजून हात लावलेला नाही.

प्रतिसाद:

चोळू नकाच! खाचांवर भरवसा ठेवू नका. त्या काळचे खोटं करणारे तांब्याच्या चकतीलाच आधी खाचा पाडून वर चांदीचा पत्रा चढवत. त्यामुळे भिंगातून खाचेच्या आत बघा. चांदी आत वळलेली असेल आणि फाटल्या जागी तांबं दिसत असेल तर जुनं असण्याची शक्यता बरीच. कडेभर सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर साच्यात ओतलेली नक्कल, बहुधा आजकालची. डाग कडक असेल तर राहू द्या. टोचल्यावर फिकट हिरवी भुकटी पडली तर नाणं एकदम कोरड्या जागी ठेवा, तो गंज पसरतो. पाण्यातलं वजनही पुन्हा घ्या, थेंबभर साबण घालून, म्हणजे चिकटलेले बुडबुडे निघतील. आणि खाचेचा जवळून फोटो टाका.