व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना आवाज हळूहळू मागे पडत जातो

सांगलीकर (प्रश्न):
नमस्कार. माझ्या आई-वडिलांचे लग्न १९९२ साली सांगलीत झाले. त्या लग्नाची कॅसेट मी संगणकावर घेऊन तिची डीव्हीडी तयार करत आहे. ई-१८० ची फीत आहे आणि तिच्यावर साधारण दोन तास पाच मिनिटांचे चित्रण आहे. पेन ड्राइव्ह चालणार नाही, कारण गावी आत्याकडे अजून डीव्हीडी प्लेअरच आहे आणि तिला ही डीव्हीडी तिच्या घरी, तिच्या टीव्हीवर पाहायची आहे.

माझी मांडणी अशी आहे. व्हीसीआरची पिवळी (चित्राची) तार यूएसबी कॅप्चर कार्डात, म्हणजे चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणात जाते. त्या कार्डाचे आवाजाचे सॉकेट सैल झाले असल्याने लाल-पांढरी तार मी जोडपिन लावून थेट संगणकाच्या लाइन-इनमध्ये घातली आहे. कॅप्चर व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये केले असून आवाज ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने या दराने घेतला आहे.

सुरुवातीला भटजींचे ओठ आणि मंत्र अगदी जुळतात. अंतरपाट दूर होतो त्या वेळी मात्र अक्षता डोक्यावर पडून झाल्यावर ‘सावधान’ ऐकू येते, आणि पंगतीतल्या उखाण्यापर्यंत पोहोचावे तर आई नाव घेऊन, लाजून, पदर सावरून मोकळी झालेली असते आणि मग बाबांचे नाव कानावर पडते. डीव्हीडी बनवण्याचे सॉफ्टवेअर बदलून पाहिले, पण फरक पडला नाही. संपूर्ण कॅसेट पुन्हा एकदा घेतली, तेव्हा शेवटचा फरक किंचित कमी झाला, पण गेला नाही. व्हीसीआर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की आवाजाचे हेड जागचे सरकले आहे. तसे असू शकते का, आणि नसेल तर दोष कोठे शोधावा?

हौशी संकलक:
व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्रफीत लावून ‘जे’ आणि ‘के’ या कळा दाबल्यास आवाज दर वेळी ५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकतो. योग्य मेळ कोठे बसतो ते तेथे पाहावे आणि तेवढाच फरक संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच द्यावा. माझ्या मुंजीच्या कॅसेटला एवढे पुरले होते.

टेपडेक:
हौशी संकलकांचा उपाय बरोबर आहे, पण तो दुसऱ्या आजारावरचा आहे. आवाज पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारख्याच अंतराने मागे असेल, तर तो एकदा सरकवला की काम होते. येथे अंतर वाढत चालले आहे. आवाज सरकवून मधला भाग जुळवला, तर सुरुवात बिघडेल.

हेडचा मुद्दा आधी निकालात काढू. पॅल पद्धतीच्या (आपल्याकडच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या) व्हीएचएसमध्ये फीत सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते, म्हणजे आवाजाचे हेड एक मिलिमीटर हलले तर सुमारे ४३ मिलिसेकंदांचा, जेमतेम एका फ्रेमचा, म्हणजे एका स्थिर चित्राचा फरक पडेल. तीन सेकंद मागे पडायला ते सात सेंटिमीटर सरकायला हवे, आणि तेवढी जागा त्या यंत्रात नाही. शिवाय हेडमुळे आलेला फरक कॅसेटभर सारखाच राहिला असता.

वाढत जाणारा फरक दोन प्रकारचा असतो आणि त्यांची गल्लत केली की माणूस आठवडेच्या आठवडे घालवतो. पहिला प्रकार घड्याळांचा. तुमचे चित्र कॅप्चर कार्डाच्या घड्याळावर मोजले जात आहे आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डाच्या. दोन्ही घड्याळांचे स्फटिक स्वतंत्र आहेत, दोघांचाही ‘सेकंद’ नेमका सारखा नाही. साउंड कार्डाने खऱ्या सेकंदात ४८,००० ऐवजी थोडे जास्त नमुने घेतले, तर ते वाजवताना आवाज लांबतो आणि मिनिटामिनिटाला ठरावीक मापाने मागे पडतो. दुसरा प्रकार सुटलेल्या फ्रेमचा. फितीवर मध्येच सिग्नल तुटला किंवा संगणक इतर कामात अडकला की काही फ्रेम गळतात. उरलेल्या फ्रेम सेकंदाला २५ या गतीनेच चालतात, त्यामुळे चित्र तेवढे आखूड होते आणि आवाज तेथून पुढे एकदम मागे पडतो. पहिला प्रकार घाटाच्या चढासारखा आहे आणि दुसरा जिन्याच्या पायरीसारखा. तुमच्याकडे यांपैकी काय आहे हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

मोजण्यासाठी निदान सहा ठिकाणे निवडावीत, जेथे आवाज कोरडा आणि क्षणिक आहे आणि त्याची क्रिया चित्रात दिसते. नारळ फुटणे, टाळी, खाली पडलेले भांडे हे सर्व चालेल. मंत्र आणि सनई चालणार नाही, कारण त्यांना नेमकी कड नसते. वरातीतले फटाकेही टाळावेत, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॅमेऱ्यापासून ३४ मीटरवर फुटलेला फटाका मुळातच दशांश सेकंद उशिरा ऐकू आलेला असतो, त्याला संगणक जबाबदार नाही. आणखी एक सावधगिरी घ्यावी. त्या काळचे व्हिडिओवाले लग्नाच्या कॅसेटवर मधूनमधून सिनेमाची गाणी चढवत असत. गाण्याच्या भागात मूळ आवाज नसतो, म्हणून तेथे मोजमाप घेण्यात अर्थ नाही.

सांगलीकर:
आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री एक-एक फ्रेम पुढे सरकवत मोजले. सर्व ठिकाणी आवाज चित्राच्या मागे आहे.

१० व्या मिनिटाला, वर आल्यावर त्याच्यावरून ओवाळलेला नारळ फोडला जातो, तेथे ०.२ सेकंद. ४० व्या मिनिटाला मंगलाष्टके संपल्यावरच्या टाळ्यांमध्ये ०.८ सेकंद. ७० व्या मिनिटाला भटजी टाळी वाजवून दंगा करणाऱ्या पोरांना गप्प करतात, तेथे १.४ सेकंद. ८० व्या मिनिटाला पंगतीत स्टीलचा पेला पडतो, तेथे २.४ सेकंद. १०० व्या मिनिटाला उखाण्यानंतरच्या टाळ्यांमध्ये २.८ सेकंद, आणि १२० व्या मिनिटाला वरातीत कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटून उभ्या असलेल्या ताशेवाल्याच्या पहिल्या टिपरीला ३.२ सेकंद.

७२ व्या मिनिटाच्या सुमारास कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केल्यासारखे दिसते. दोन-तीन सेकंद पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात.

टेपडेक:
इतके नीट मोजून देणारे लोक क्वचितच भेटतात. तुमच्याकडे चढ आणि पायरी दोन्ही आहेत.

पहिल्या ७० मिनिटांत दर मिनिटाला ०.०२ सेकंद वाढ आहे. ८० ते १२० मध्येही तोच चढ आहे. याच हिशेबाने ८० व्या मिनिटाला १.६ सेकंद यायला हवे होते, आले २.४. मधले ०.८ सेकंद म्हणजे २० फ्रेम, आणि त्या मुंग्यांच्या जागी गळल्या आहेत. दुसऱ्या वेळी शेवटचा फरक कमी का झाला, हेही यातून उलगडते. घड्याळांचा चढ तसाच राहिला असेल, पण मुंग्यांमध्ये त्या वेळी कमी फ्रेम सुटल्या असतील.

आता दुरुस्ती. मिनिटाला ०.०२ सेकंद म्हणजे तीन हजारांत एक. साउंड कार्ड खऱ्या सेकंदात ४८,००० ऐवजी ४८,०१६ नमुने घेत आहे. आवाजाची फाइल वेगळी काढून ऑडॅसिटी या आवाज संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, ट्रॅकच्या यादीतील ‘रेट’ या ठिकाणी ४८,०१६ असे लिहावे आणि निर्यात ४८,००० वर करावी. आवाजाची पट्टी यामुळे नगण्य बदलते, ती कोणाच्याही कानाला कळणार नाही. ‘चेंज टेम्पो’ वापरण्याचा मोह टाळावा. ते पट्टी राखण्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडते, आणि ताशासारख्या कडक आवाजावर त्याचे ओरखडे राहतात.

एवढे झाल्यावर मुंग्यांच्या भागातील खरखरीमधून ०.८ सेकंद कापून टाकावे. तेथे ऐकण्यासारखे काही नसल्यामुळे नुकसान होत नाही. क्रम मात्र पाळावा, आधी रेट आणि नंतर काप. उलट केले तर कापाची जागा आणि माप दोन्ही हलतात.

एक-दोन फ्रेमचा फरक उरला तर त्याच्या मागे लागू नये. कार्यालयाच्या मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर चौदा मीटर दूरच्या भटजींचा आवाज मुळातच एक फ्रेम उशिरा पोहोचलेला असतो. उशिरा आलेला आवाज कान सहज खपवून घेतो, आधी आलेला आवाज मात्र लगेच खटकतो. म्हणून दुरुस्ती करताना चूक झालीच तर आवाज किंचित मागे राहील अशी व्हावी.

न्यूजर्सीकर:
या धाग्यावर परदेशातील कोणी आले तर त्यांच्यासाठी एक भर घालतो. येथील कॅसेटी एनटीएससी या अमेरिकेतील पद्धतीच्या आहेत आणि त्यांची गती सेकंदाला ३० नव्हे, तर २९.९७ फ्रेम आहे. सॉफ्टवेअरमध्ये चुकून ३० निवडले तर तासाला १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. आमच्या गणेशोत्सवाच्या जुन्या कॅसेटी घेताना मी साउंड कार्डावर राग काढत बसलो होतो, आणि दोष या एका आकड्यात होता. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक येत असेल तर प्रथम हेच तपासावे.

ज्यांच्याकडे लग्नाच्या व्हीसीडी आहेत त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हीसीडीचा आवाज ४४,१०० हर्ट्झचा असतो, तर डीव्हीडीला ४८,००० लागतो. योग्य रूपांतर न करता केवळ आकडा बदलला गेला, तर तासाभराचा आवाज ५५ मिनिटांच्या थोडा पुढे जाऊन संपतो आणि सर्व वऱ्हाडी बारीक आवाजात बोलू लागतात. ती चूक ओळखायला मोजमाप लागत नाही.

फीत दुरुस्ती:
टेपडेक यांनी आहे त्या फाइलवर उपचार सांगितला, तो योग्यच आहे. पण कॅसेट अजून चालत असेल तर मी ती आणखी एकदा घेईन, आणि या वेळी चित्र व आवाज एकाच कार्डातून घेईन. सैल सॉकेटला डाग (सोल्डर) थोडक्या खर्चात कोणीही देईल. आवाज आणि चित्र एकाच यंत्रातून आले की चढ बहुधा राहतच नाही.

पायरीचे मूळ फितीत आहे. कॅमेरा थांबवलेल्या जागी फितीवर समक्रमणाचे (चित्राची लय ठरवणारे) ठोके नसतात, कार्डाची पकड सुटते आणि ते पुन्हा पकड घेईपर्यंत फ्रेम वाया जातात. यासाठी व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे हे ठोके स्थिर करणारे यंत्र बसवतात. ते यंत्र महाग पडते. त्याऐवजी अनेक हौशी लोक पॅनासॉनिकचा जुना डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडतात. त्यावर रेकॉर्ड करायचे नाही, सिग्नल केवळ त्यातून पुढे न्यायचा. तो आपले स्वतःचे स्थिर ठोके देतो. आवाजाची तारही त्यातूनच न्यावी, म्हणजे दोघांनाही सारखाच विलंब लागतो.

कॅप्चर चालू असताना व्हर्च्युअलडबच्या खिडकीत सुटलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. त्यावर नजर ठेवावी आणि अँटिव्हायरस व इंटरनेट तेवढा वेळ बंद ठेवावे. असंपीडित पॅल चित्र सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट जागा घेते, आणि मंद डिस्कला ते झेपत नाही. लॉसलेस कोडेक (गुणवत्ता न गमावता फाइल लहान करणारी पद्धत) वापरल्यास हा भार बराच उतरतो. आवाज मात्र एमपी३ मध्ये घेऊ नये, साध्या असंपीडित रूपातच ठेवावा.

शेवटची विनंती. कॅसेट पुन्हा लावण्यापूर्वी झाकण उचलून फीत उजेडात तपासावी. आमच्या कोकणात पावसाळ्यानंतर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ती हेडवर गेली तर ही कॅसेटच नव्हे, पुढच्या चार कॅसेटी बिघडतात.

सांगलीकर:
सर्वांचे आभार. सॉकेटला डाग देऊन घेतला आणि रविवारी तिसऱ्यांदा कॅसेट लावली. बुरशी नव्हती. रेकॉर्डर मिळाला नाही, म्हणून मुंग्यांच्या जागी या वेळीही १४ फ्रेम सुटल्या, तेवढा आकडा कागदावर लिहून ठेवला होता. १० व्या, ४० व्या आणि ७० व्या मिनिटाला फरक शून्य आहे. त्यापुढे सगळीकडे ०.५६ सेकंद होता, तेवढी खरखर कापली. आता पेला पडतो त्याच क्षणी खणखणतो आणि उखाण्यातले नाव आईच्या ओठांवर आहे.

एक शंका राहिली आहे. मंगलाष्टकांनंतर चार मिनिटे सनईवर सिनेमाचे गाणे चढवले आहे. त्याखाली मूळ आवाज कोठे दबलेला असेल का?

टेपडेक:
तुमचा व्हीसीआर हाय-फाय असेल, तर आवाजाची निवड बदलून पाहावी. हाय-फायचा ध्वनिमार्ग फिरत्या हेडने चित्रासोबतच लिहिलेला असतो आणि साधा मार्ग फितीच्या कडेला वेगळा असतो. गाणे नंतर केवळ कडेच्या मार्गावर चढवले असेल आणि मूळ चित्रण हाय-फाय यंत्रावर झालेले असेल, तर दुसऱ्या मार्गावर मूळ आवाज मिळू शकतो. तुमच्याकडची कॅसेट संकलन करून दिलेली प्रत असेल, तर मात्र त्या चार मिनिटांत दोन्ही मार्गांवर गाणेच असणार. कॅसेट यंत्रात आहे तोवर पाहून घ्यावे, पाच मिनिटांचे काम आहे.