लग्नानंतर कोल्हापूर : अर्धी झालेली पीएच.डी. शिवाजी विद्यापीठात आणता येते का? कोर्सवर्कच्या क्रेडिटचं काय?

भूगोल_वाली :
नमस्कार. ऑगस्ट २०२१ पासून मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भूगोलात पीएच.डी.ची नोंदणी आहे. कोर्सवर्क (प्रबंधाआधीचे सक्तीचे पेपर) ८ क्रेडिटचं, ५८ टक्के. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा पेपर आला. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर आहे, फील्डवर्क निम्मं झालंय. आता लग्नामुळे कायमचा मुक्काम कोल्हापुरात. 'महिला संशोधकाला बदली मिळते' असं सगळे सांगतात, पण नेमकं काय बदलून मिळतं? कोर्सवर्क पुन्हा करावं लागेल का? आणि झालेली वर्षं धरतात का?

सागरमाळ :
ताई, इथं तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात आणि फाईल तिथंच अडते. डेटा, क्रेडिट आणि नोंदणी.

यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम, २०१६ चा असो की ७ नोव्हेंबर २०२२ चा, लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या महिला संशोधकाला संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेऊ द्या, एवढंच सांगतो. तोही अटींवर : काम जुन्या संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं, जुनी संस्था आणि जुने गाईड यांना प्रबंधात श्रेय द्यावं, आणि नियमावलीतल्या बाकी सगळ्या अटी पाळाव्यात. ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत. बाकी अटींत प्रवेशही आला. म्हणजे नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मुलाखत, गाईडकडे जागा, हे सगळं नव्याने. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, यापुढे जागा नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेले गाईड नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. नाव पक्कं करण्याआधी त्यांची निवृत्तीची तारीख विचारा, संकोच नको.

आता क्रेडिट. तुमची नोंदणी २०२१ ची, म्हणजे २०१६ च्या नियमावलीत. तिथं कोर्सवर्क किमान ८ क्रेडिटचं होतं, तुम्ही ते पूर्ण केलंय. पण इथं आज नवी नोंदणी झाली की ती २०२२ च्या नियमावलीत येणार आणि तिथं किमान १२ लागतात. जुने सगळे ८ मान्य झाले तरी ४ कमी पडतात. 'झालंय की कोर्सवर्क' असं म्हणून लोक येतात आणि नेमके या चारावर अडतात.

जुने ८ मान्य व्हायला नुसती गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, तास आणि क्रेडिट लिहिलेला, विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याची सत्यप्रत लागते. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास. नीतिमत्तेचा पेपर ३० तासांचा, सहा घटकांचा. तीन थिअरीचे, तीन प्रात्यक्षिकाचे. तास लिहिलेले नसतील तर समकक्षता ठरवणार कशाच्या आधारावर? गुणपत्रिका श्रेणीत असेल तर टक्केवारीत रूपांतराचं सूत्र परीक्षा विभागाच्या पत्रावर घ्या. किमान ५५ टक्क्यांची अट दोन्हीकडे आहे, तुमचे ५८ त्यात बसतात.

सर्वात महत्त्वाचं : इथलं प्रवेशाचं पत्र हातात पडेपर्यंत तिकडची नोंदणी रद्द करू नका. आणि पत्र मिळाल्यावर दोन्हीकडे नावही ठेवू नका. एका वेळी दोन पदव्या करायची जी सवलत यूजीसीने २०२२ मध्ये दिली, तिच्यात पीएच.डी. येत नाही.

करवीर_पीएचडी :
सागरमाळ यांनी सांगितलेले ४ क्रेडिट भरण्याबद्दल. संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आपली रॅक, यूजीसीमान्य ऑनलाइन कोर्स सुचवू शकते. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, तिथं ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, ८ चा २, १२ चा ३. म्हणजे ८ आठवड्यांचे दोन, किंवा एक १२ चा आणि एक ४ चा.

घोटाळा क्रमात होतो. लोक आधी कोर्स करतात, मग सर्टिफिकेट घेऊन रॅकपुढे जातात. रॅकने 'हा कोर्स या संशोधकाला या क्रेडिटसाठी' असं बैठकीत ठरवून ते इतिवृत्तात यायला हवं, प्रवेश त्यानंतर घ्यायचा. नाहीतर विषय संबंधित नाही म्हणून सर्टिफिकेट बाजूला ठेवलं जातं, आणि पुढचं सत्र जानेवारी किंवा जुलैलाच.

दुसरा घोटाळा गुणांचा. एनपीटीईएलमध्ये २५ गुण असाइनमेंटचे (८ आठवड्यांच्या कोर्सला आठपैकी उत्तम सहा धरतात) आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंटला किमान १० आणि परीक्षेला किमान ३० पडले की सर्टिफिकेट मिळतं. समजा असाइनमेंटला २० आणि परीक्षेला ३० पडले : एकूण ५०, सर्टिफिकेट आलं, घरी पेढे वाटले. पण कोर्सवर्कला ५५ हवेत! असाइनमेंटचे २० असतील तर परीक्षेत ३५ पाहिजेत. ५५ एकूण बघायचे की पेपरनिहाय, ते विद्यापीठाच्या अध्यादेशात वाचा.

आणि कोर्सला नाव नोंदवणं वेगळं, परीक्षेचा फॉर्म वेगळा. परीक्षेची फी भरली नाही तर सगळ्या असाइनमेंट करूनही हातात काही येत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. दोन कोर्स एकाच सत्रात घेतले तर तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, ते आधीच बघून ठेवा.

जुना_राजवाडा :
सगळे बदली कशी करायची ते सांगताहेत. मी म्हणतो, करायचीच कशाला?

हिशेब बघा. ताईंची नोंदणी २०१६ च्या नियमात आहे. कमाल ६ वर्षं, महिलांना २ वर्षांची सवलत, म्हणजे ऑगस्ट २०२९ पर्यंत मुदत. त्याखेरीज प्रसूती किंवा बालसंगोपन रजा संपूर्ण काळात एकदा, २४० दिवसांपर्यंत. कोर्सवर्क झालंय, सिनॉप्सिस मंजूर आहे. राहिलं काय? फील्डवर्क, लेखन आणि दर सहा महिन्यांनी रॅकपुढे सादरीकरण. त्यासाठी वर्षातून दोनदा तिकडे जाणं परवडतं. इथं नवी नोंदणी झाली की किमान तीन वर्षांची अट तुमच्या मानगुटीवर बसते. झालेली वर्षं धरली जातील असं तोंडी कुणीही सांगेल. नोंदणीच्या पत्रात जी तारीख असते, तीच खरी. विषय आंतरविद्याशाखीय असेल तर रॅकच्या मान्यतेने इथले सहमार्गदर्शक घेता येतात, हाही मार्ग आहे.

एका बाबतीत मात्र जुना नियम कडक आहे : प्रबंध सादर करण्याआधी तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं झालेली हवीत. २०२२ मध्ये यूजीसीने ही सक्ती काढली. विद्यापीठाची स्वतःची अट वेगळी असू शकते. पण निबंध तसाही लिहावा लागतोच की.

सागरमाळ :
जुना_राजवाडा यांचं पटतं, पण एका अटीवर. तिकडचे गाईड निवृत्त होणार असतील किंवा फोन उचलत नसतील, तर वर्षातून दोनदा जाऊन काही होत नाही. ताई, तो भाग तुम्हीच तोला.

भूगोल_वाली :
सगळ्यांचे आभार. गाईड चांगले आहेत, निवृत्तीला ९ वर्षं आहेत. दोन शंका राहिल्या. फील्डवर्कचा काही खर्च गाईडच्या अनुदानित प्रकल्पातून झालाय, तो आड येईल का? आणि जुन्या सिनॉप्सिसमधला मजकूर नव्या प्रबंधात आला तर साहित्यचोरीच्या तपासणीत धरतात का?

करवीर_पीएचडी :
पहिली शंका मोठी आहे. काम प्रकल्पाचाच भाग ठरलं तर डेटा हलवायची मुभा त्या कामाला लागू नाही. खर्च कुठल्या बाबीखाली पडला आणि प्रकल्पाच्या अहवालात तुमचा डेटा दाखवलाय का, ते गाईडना लेखी विचारा. दाखवला असेल तर बदलीचा विषय तिथंच मिटला.

दुसरी : सिनॉप्सिस शोधगंगोत्रीवर (सिनॉप्सिसच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवला असेल तर जुळणी दिसू शकते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० च्या वर ६० पर्यंत सुधारित प्रत द्यायला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेयासह दिलेली अवतरणं मोजत नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतची नेहमीची वाक्यंही नाहीत. तरी तपासणी करणाऱ्याने हे पर्याय सुरू केलेत का ते अहवालाच्या पहिल्या पानावर बघा. पुष्कळदा संदर्भसूची मोजली गेल्यामुळेच आकडा २० च्या वर गेलेला असतो. मराठीत प्रबंध असेल तर पीडीएफमधला फॉन्ट युनिकोड हवा; जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि मग अहवालच परत येतो.

जुना_राजवाडा :
म्हणजे प्रकल्पाचा पैसा लागला असेल तर निवड आपोआप झाली. मग आता सहमार्गदर्शकाचा अर्ज तिकडच्या रॅकच्या पुढच्या बैठकीआधी द्या. इथल्या प्राध्यापकांचं संमतीपत्र आणि त्यांच्या गाईडशिपच्या मान्यतेची प्रत जोडा, आणि आवक क्रमांक पडलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.