‘आमच्याच वळणावर गेलंय!’ बाळ कोणासारखं दिसतं यावरून ऐकलेलं, सोसलेलं: तुमचे अनुभव सांगा

माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. ती जन्मून तीन तासही झाले नव्हते, सासूबाईंनी तिला हातात घेतलं आणि म्हणाल्या, “कपाळ आमच्याकडचं, हनुवटी आमच्याकडची, बोटं तर आत्यासारखीच लांबसडक.” टाके ओढत होते, मी पडल्या पडल्या ऐकत होते. नणंद म्हणाली, “वहिनी, तुमचं काहीच घेतलं नाही हो हिने!” सगळे हसले. मीही हसले.

रात्री तिला पाजताना दिव्याच्या उजेडात तिच्याकडे बघत बसले. डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक बारीक घडी दिसली. तशीच घडी माझ्या कानाला आहे. ती सापडली आणि मला रडू आवरेना. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकरात आपलं काय आहे, हे मला एकटीनं शोधावं लागलं होतं.

तुमच्याकडे काय बोललं गेलं? तुम्ही काय उत्तर दिलंत? बाबा मंडळींनी आणि आजी-आजोबांनीही लिहा.

सावळ्या बाळाची आई

आमच्याकडे रंगावरून झालं. मुलगा जन्मला तेव्हा लालगुलाबी होता, तेव्हा तो “बापावर गेलाय” होता. पुढच्या काही आठवड्यांत रंग गडद होत गेला, तसं वाक्यही बदललं: “हळूहळू तुझ्या माहेरच्या वळणावर चाललाय.” जन्मानंतर त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढत जातं, त्यामुळे पहिल्या दिवसाचा रंग टिकत नाही, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तरी तेच. उंची त्यांची, बुद्धी त्यांची, रडका स्वभाव माझा! शेवटी मी शांतपणे म्हटलं, “आई, चांगलं ते तुमचं आणि वाईट ते माझं, अशी वाटणी मला चालणार नाही. तो मोठा होईल, त्याला कळेल.” दोन दिवस अबोला होता. त्यानंतर रंगाचा विषय निघालेला नाही.

केतकी वर्ण

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसायला लागली आणि घरात कौतुक सुरू झालं, “आजेसासूबाईंचा केतकी वर्ण आलाय.” मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तपासायला आलेल्या सिस्टरनी तिच्या छातीवर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पांढरी पडायला हवी, ती पिवळीच होती. कावीळ. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, तपासलं, दोन दिवस निळ्या उजेडाखाली ठेवलं, उतरली. नवजात बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप जाते, पण बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून कळकळीनं सांगते, पहिल्या आठवड्यात बाळाच्या रंगाचं कौतुक झालं तर त्याला दिवसाच्या उजेडात नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग नक्की बघा.

एक बाबा

माझा मुलगा हुबेहूब त्याच्या आईसारखा आहे. माझी आई दर भेटीत म्हणायची, “आमचं काहीच दिसत नाही याच्यात.” मला आधी ते साधं बोलणं वाटायचं. एकदा बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत जाऊन बघतो तर ओट्याला टेकून उभी. म्हणाली, “या वाक्याचा अर्थ काय होतो, तुला कळतंय ना?” मला खरंच कळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, “हे वाक्य या घरात पुन्हा नको.” आईच्या मनात तसलं काही नव्हतं, ती बिचारी रडायला लागली. पण हे सांगणं माझं काम होतं. बायकोवर ते टाकायला नको होतं आणि इतके महिने गप्प बसायलाही नको होतं.

जीवशास्त्र शिकवणारी, दोन मुलांची आई

मला सासरहून फारसं ऐकावं लागलं नाही. “अगदी जावयांवर गेलाय” हे पहिल्यांदा माझ्या आईनंच म्हटलं, मग मावशीनं. मला फार लागलं ते. आपलीच माणसं असं का म्हणतात, म्हणून वाचायला घेतलं. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या संशोधकांनी १९८२ साली नेमकी हीच बोलणी तपासली होती. बाळ बापासारखं दिसतं असं म्हणण्यात आई आणि आईकडचे नातेवाईक पुढे होते. त्यांनी लावलेला अर्थ असा, की असं म्हणून बापाला बाळाची खात्री दिली जाते. १९९५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला, की वर्षाची मुलं खरोखरच बापासारखी जास्त दिसतात. पण १९९९ साली दुसऱ्या संशोधकांनी पडताळलं तेव्हा तसं आढळलं नाही.

आणि पहिल्या दिवशीच्या नाकावर तर कुणी भांडूच नये. जन्मताना नाक दबलेलं असतं, पापण्या सुजलेल्या असतात, जावळ गळून नवे केस वेगळे येतात, डोळ्यांचा रंगही पहिल्या वर्षात बदलू शकतो. तेवीस गुणसूत्रं आईची, तेवीस बापाची. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. “तुझं काहीच नाही” हे वाक्य कोणत्याही बाळाबद्दल खोटंच आहे.

एक आजी

मी सासू आहे. वरचं सगळं दोनदा वाचलं. माझे यजमान गेले त्यानंतर चार महिन्यांनी नातू झाला. त्याला मांडीवर घेतलं आणि झोपेत त्यानं खालचा ओठ आत ओढला. हे अगदी तस्सं करायचे, हिशेब जुळत नसला की. माझ्या तोंडून निघालं, “आलात का परत!” त्यानंतर मी रोज त्याच्यात तेच शोधत राहिले, रोज मोठ्यानं बोलत राहिले. सूनबाई एकदा म्हणाली, “आई, तो कुणी परत आलेला नाही. तो नवा आहे.” मला फार राग आला होता. आज वाटतं, तिनं तरी दुसरं काय म्हणायचं? माझं दुःख मी तिच्या बाळावर ठेवत होते. तिला नीट सांगितलं असतं, की मला त्यांची आठवण येते, तर तिनं ऐकून घेतलं असतं. ती तशी मायाळू आहे. अजून तो ओठ आत ओढतो. मी आता बघते आणि मनात ठेवते.

नाव नको

मायटोकाँड्रियाचं वाक्य वाचून थांबले. माझी मुलगी दात्या स्त्रीच्या बीजापासून झाली. हे फक्त आम्हा दोघांना आणि डॉक्टरांना माहीत आहे. सासूबाई सगळ्यांना सांगतात, “डोळे अगदी आईचे हो!” त्या प्रेमानं म्हणतात आणि दरवेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. पण ती हसताना मान डावीकडे कलती करते. मी तशी करते, हे मला नवऱ्यानं दाखवलं. ते तिनं माझ्याकडे बघून बघून घेतलंय. तिला योग्य वयात सगळं सांगायचं आम्ही ठरवलंय. तोवर कुणी आमच्यात साम्य शोधलं की मी फक्त “हो” म्हणते.

धागा सुरू करणारी

नाव न देता लिहिलंत त्या ताई, तुमचं वाचल्यावर बराच वेळ मुलीला कुशीत घेऊन बसले होते. आजी, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग मी त्यांना कानाची घडी दाखवली, पहिल्यांदाच. त्यांनी चष्मा लावून आधी तिचा कान पाहिला, मग माझे केस मागे सारून माझा. बोलल्या काहीच नाहीत. काल जाऊबाईंचा फोन आला होता, त्यांना सांगताना ऐकलं, “कान मात्र आईचा आहे.”