पोकर ट्रॅकरचे आकडे : किती डावांनंतर विश्वास ठेवायचा?

मँचेस्टरकर

नमस्कार मंडळी. पोकरस्टार्सवर ५/१० सेंटचं सहा जणांचं नो-लिमिट होल्डेम टेबल, सोबत पोकरट्रॅकर ४ (डाव साठवून खेळाडूंचे आकडे काढणारं सॉफ्टवेअर). एचयूडी (टेबलावर प्रत्येक खेळाडूजवळ त्याचे आकडे दाखवणारी पाटी) नीट चालतो, पण त्याचं काय करायचं ते कळत नाही. तयार मिळालेल्या साच्यात प्रत्येकाच्या डोक्यावर वीसेक आकडे येतात. उदाहरण म्हणून एक खेळाडू घ्या:

६० डाव, व्हीपीआयपी (किती टक्के डावांत स्वखुशीने पैसे घालतो) ३१, पीएफआर (फ्लॉपआधी, म्हणजे पहिली तीन सामायिक पानं उघडण्याआधी, किती टक्के वेळा रेज करतो) ९, थ्री-बेट (दुसऱ्याच्या रेजवर पुन्हा रेज) ४, थ्री-बेटला फोल्ड (पानं टाकणं) ७५, फ्लॉपच्या सी-बेटला (फ्लॉपआधी रेज केलेल्यानेच फ्लॉपवर मारलेली बेट) फोल्ड ८३, एएफ (आक्रमकतेचा आकडा) ४.

आकडे सांगतात की हा सी-बेटला पळतो, म्हणून प्रत्येक फ्लॉपवर बेट मारावी. प्रत्यक्षात तो कॉल करत बसतो. शिवाय एएफ ४ म्हणजे आक्रमक आणि पीएफआर ९ म्हणजे थंड, मग हा माणूस नक्की कसा? कोणते आकडे ठेवू, कोणते काढू, आणि किती डाव झाल्यावर कशावर भिस्त ठेवू?

---

बटण_बहाद्दर

एकेक करून घेऊ. टक्का बघण्याआधी तो किती संधींमधून आला ते बघा. पॉपअपमध्ये आकड्याशेजारी "५/६" असं दाखवण्याची सोय आहे, ती आधी चालू करा. तुमच्या ८३ च्या मागे बहुतेक हेच असणार: सहा वेळा सी-बेट समोर आली, पाच वेळा फोल्ड. साठ डावांत यापेक्षा जास्त संधी येतच नाहीत. फ्लॉप बघायचा, तोही कॉलर म्हणून, आणि समोरच्याने बेट मारायची, एवढं सगळं जुळून यावं लागतं. सैल खेळाडूलासुद्धा शंभर डावांत जेमतेम सहा-आठ वेळा अशी वेळ येते.

व्हीपीआयपी आणि पीएफआरचं तसं नाही. तिथे जवळपास प्रत्येक डाव ही एक संधी, म्हणून ते लवकर बसतात. ६० डावांवर ३१ म्हणजे खरा आकडा साधारण १९ ते ४३ च्या दरम्यान कुठेही. ६०० डावांवर तोच ३१ असेल तर २७ ते ३५. म्हणजे ६० डावांतसुद्धा "हा कडक खेळणारा नाही" एवढं जवळपास नक्की म्हणता येतं, आणि पहिल्या तासाला तेवढं पुरतं.

आता ३१/९ ही जोडी. दोघांमधलं २२ चं अंतर हीच त्याची खरी ओळख. पानं पुष्कळ खेळतो, पण रेज न करता कॉल करून. असा माणूस फ्लॉपआधी रेज करतो तेव्हा ती सगळ्यात वरची नऊ टक्के पानं धरा: ७७ आणि वरच्या जोड्या, एक्का-दस्सा सूटेड (दोन्ही एकाच चिन्हाची) आणि वर, एक्का-गुलाम ऑफसूट (वेगळ्या चिन्हांची) आणि वर, राजा-गुलाम सूटेड, राजा-राणी. मोजलं तर दोन पानांच्या १३२६ संयोगांपैकी १२० होतात, बरोबर नऊ टक्के. अर्थात नऊ हा सगळ्या जागांचा मिळून आकडा आहे. पहिल्या जागेवरून रेज केली तर याहून कमी पानं, बटणावरून (फ्लॉपनंतर सर्वात शेवटी बोलणारी जागा) थोडी जास्त.

एएफ ४ चं कोडं सोपं आहे. सूत्र असं: (बेट + रेज) भागिले कॉल, फक्त फ्लॉपनंतरचे. चेक आणि फोल्ड यात धरतच नाहीत. साठ डावांत चार बेटा आणि एक कॉल झाला की एएफ ४. एक कॉल वाढला की २. कॉल शून्य असेल तर भागाकारच होत नाही. म्हणून एएफ मुख्य पाटीवरून काढून टाका. ठेवायचाच असेल तर एएफक्यू ठेवा, त्यात फोल्डही मोजतात. तरीही त्याला दोन-तीनशे डाव लागतात.

माझ्या मते पाटीवर एवढंच असावं:

पहिली ओळ: डावांची संख्या, व्हीपीआयपी, पीएफआर, थ्री-बेट
दुसरी ओळ: फ्लॉप सी-बेट, टर्न (चौथं सामायिक पान) सी-बेट, फ्लॉप सी-बेटला फोल्ड
तिसरी ओळ: डब्ल्यूटीएसडी (फ्लॉप बघितल्यावर किती वेळा शोडाउनपर्यंत, म्हणजे पानं उघडण्यापर्यंत, जातो), स्टील (शेवटच्या जागांवरून ब्लाइंड, म्हणजे डावाआधीच्या सक्तीच्या बेटा, उचलायला केलेली रेज)

बाकी सगळं पॉपअपमध्ये. डावांची संख्या सर्वात आधी आणि जरा मोठ्या अक्षरात, कारण नजर तिच्यावरून जाऊनच पुढच्या आकड्यांकडे वळली पाहिजे.

---

गणितवेडी

बहाद्दरांशी सहमत. "कमी संधी असतील तर दुर्लक्ष करा" यापेक्षा एक पाऊल पुढे जाता येतं, ते सांगते.

सहापैकी पाच यावरून खरा टक्का ४४ ते ९७ च्या मध्ये कुठेही असू शकतो (९५ टक्के खात्रीची विल्सन पद्धत). तरीही माहिती शून्य नाही, कारण हा खेळाडू आकाशातून पडलेला नाही, तो त्याच टेबलांवरच्या गर्दीतला आहे. म्हणून सुरुवात गर्दीच्या सरासरीपासून करायची आणि त्याच्या संधी वाढतील तसं त्याच्याकडे सरकायचं.

समजा तुमच्या डेटाबेसमध्ये या टेबलांवर सी-बेटला फोल्डची सरासरी ४५ टक्के आहे. प्रत्येक नव्या खेळाडूच्या खात्यात आधीच २० काल्पनिक संधी टाका, त्यातल्या ९ फोल्ड. आता याचे खरे ५/६ मिळवा:

(५ + ९) ÷ (६ + २०) = १४ ÷ २६ = ५४ टक्के.

म्हणजे ८३ नव्हे, ५४. सरासरीपेक्षा थोडा जास्त पळणारा, बस्स. आता अर्ध्या पॉटची (टेबलावर जमलेल्या पैशांची) बेट मारली तर ती ३३ टक्के फोल्डलाच बरोबरीत सुटते, तिसऱ्या हिश्श्याची बेट २५ टक्क्यांना, पूर्ण पॉटची ५० ला. ५४ हा आकडा छोट्या बेटीसाठी भरपूर आहे, पण हातात काहीच नसताना तीन रस्ते (फ्लॉप, टर्न आणि शेवटचं पान रिव्हर) मोठमोठ्या बेटा मारण्याचं लायसन नाही. गंमत म्हणजे छोटी बेट गर्दीच्या ४५ वरही फायद्यातच होती. मग त्या ८३ ने तुम्हाला नेमकं नवं काय सांगितलं?

सरासरी काढताना एक पथ्य पाळा. खेळाडूंच्या टक्क्यांची सरासरी काढू नका. सगळ्यांचे फोल्ड एकत्र, सगळ्यांच्या संधी एकत्र, मग भागाकार. नाहीतर दोन संधींवाल्याचे १०० टक्के आणि दोन हजार संधींवाल्याचे ४१ टक्के सारख्याच वजनाने धरले जातात. आणि या हिशोबातून स्वतःचे डाव वगळा. डेटाबेसमधला प्रत्येक डाव तुमचाच असतो, त्यामुळे तुमचं वजन सगळ्यांत जास्त पडतं.

---

मँचेस्टरकर

ताई, हे फारच उपयोगी. पण २० कुठून आले? १० का नाही, १०० का नाही?

---

गणितवेडी

रास्त प्रश्न. खेळाडू एकमेकांपासून किती वेगळे आहेत यावर ते ठरतं. सरासरी म, खेळाडूंमधला फरक (प्रमाण विचलन) स, तर काल्पनिक संधी = म × (१ − म) ÷ स² − १.

सी-बेटला फोल्ड: म ०.४५, स ०.१० धरा. ०.२४७५ ÷ ०.०१ − १ = सुमारे २४. मी तोंडी हिशोबासाठी २० घेतले. २४ घेतले तर उत्तर ५३ येतं, काही बिघडत नाही.

थ्री-बेट: म ०.०७, स ०.०३ धरा. ०.०६५१ ÷ ०.०००९ − १ = सुमारे ७१. म्हणजे थ्री-बेटच्या सत्तरेक *संधी* होईपर्यंत गर्दीचंच वजन जास्त. म्हणून तुमचा "थ्री-बेट ४" तूर्त बाजूला ठेवा. एखादी थ्री-बेट इकडे-तिकडे झाली की त्याचा ८ होतो किंवा ०.

व्हीपीआयपी: म ०.२८, स ०.१० धरा, सुमारे १९. तीसेक डावांतच त्याचा स्वतःचा आकडा वरचढ होतो.

स चे हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या डेटाबेसमधून काढताना भरपूर संधी असलेलेच खेळाडू घ्या, नाहीतर नशिबाचा चढउतारच खेळाडूंमधला फरक म्हणून मोजला जाईल.

---

शेवटचं_पान

वरच्या चर्चेत एक खड्डा राहिला: "थ्री-बेटला फोल्ड ७५".

पोकरट्रॅकरमध्ये या नावाचे दोन वेगळे आकडे आहेत. एक साधा, दुसरा "आफ्टर रेज" असं शेपूट असलेला. साध्या आकड्यात असे डावही येतात जिथे या माणसाने पैसेच घातले नव्हते: एकाने रेज केली, दुसऱ्याने थ्री-बेट, आणि याने बटणावरून ७-२ टाकून दिली. तिथे सगळेच फोल्ड करतात, त्यामुळे टक्का फुगतो. तुम्हाला हवं ते वेगळं आहे, स्वतः रेज केल्यावर कोणी थ्री-बेट मारली तर हा सोडतो का. त्यासाठी "आफ्टर रेज"वालाच लावा. साधा आकडा बघून ब्लफ थ्री-बेट मारणारे गल्लोगल्ली सापडतील.

आता तो आकडा वापरायचा कसा. बटणाने २.५ ब्लाइंडची रेज केली, छोटा ब्लाइंड फोल्ड, तुम्ही मोठ्या ब्लाइंडवरून ११ पर्यंत थ्री-बेट करता. तुमचे नवे १० जातात, पॉटमध्ये २.५ + ०.५ + १ = ४ आहेत. १० ÷ १४ = ७१.४. म्हणजे तो ७१ टक्क्यांहून जास्त वेळा सोडत असेल तर कोणत्याही पानांवर फायदा. कॉल झाल्यावरही पानांना थोडी किंमत असते, त्यामुळे ए५ सूटेडसारख्या पानांना याहून कमी फोल्ड चालतात. पण ७५ मागे ६/८ असेल आणि गर्दीची सरासरी ५० असेल, तर ताईंच्याच पद्धतीने (६ + १०) ÷ (८ + २०) = ५७. "कोणत्याही पानांवर" हा विषय तिथेच संपला. त्यातून पीएफआर ९ वाला रेज करतो ती पानंच सोडण्यासारखी नसतात. त्याच्यावर ब्लफ थ्री-बेट मारूच नका.

मला सर्वात कमाऊ वाटते ती जोडी फ्लॉप सी-बेट आणि टर्न सी-बेट. पहिला ७५ आणि दुसरा ३५ असेल तर तो फ्लॉपवर सवयीने मारतो आणि टर्नवर दम सोडतो. त्याच्यानंतर बोलायची जागा असेल तर फ्लॉपवर हलक्या पानांनीही कॉल करा, आणि टर्नला त्याने चेक केलं की पॉटच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश मारा. पण टर्नवर त्याने पुन्हा मारली तर मुकाट्याने सोडा, कारण आता तो त्याच्या चांगल्या ३५ टक्क्यांत आहे. टर्नच्या संधी फारच हळू साठतात, म्हणून चार-पाचशे डावांच्या आत हे करू नका.

दुसरी जोडी डब्ल्यूटीएसडी आणि शोडाउनला जिंकण्याचं प्रमाण. ३५/४५ असेल तर तो शेवटपर्यंत बघणारा आहे: ब्लफ बंद, वरची जोडी आणि बऱ्या साइड-पानावर तिन्ही रस्ते पैसे मागा. २२/५८ असेल तर तो भक्कम पानांशिवाय रिव्हर बघत नाही. तिथे उलटं, टर्नवर दाब द्या आणि रिव्हरला त्याने रेज केली तर दोन जोड्याही टाकून द्या.

---

बटण_बहाद्दर

आफ्टर रेजचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, +१.

टेबलावरची माणसं कमी झाली की आकडे बिघडतात, हेही बघा. सहा जणांच्या टेबलावर तिघंच उरले की ब्लाइंड भराभर येतात आणि कोणाचाही व्हीपीआयपी ४० वर जातो. ते डाव सहा जणांच्या डावांत मिसळले तर चांगला नियमित खेळाडूही कच्चा लिंबू दिसतो. एचयूडीच्या फिल्टरमध्ये खेळाडूंची संख्या ५-६ अशी बांधून घ्या. जुने डावही छाटा. दोन वर्षांपूर्वीचा ३१/९ आज शिकून २४/२० झालेला असू शकतो.

---

मडगावकर

अवांतर: हे गोव्यातून करता येईल का? आणि मांडवीवरच्या कॅसिनोत यातलं काही चालतं का?

---

शेवटचं_पान

ऑनलाइन पैशांचं म्हणाल तर विसरा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावरच बंदी आणली, त्यात कौशल्याचे खेळही आले. ही चर्चा परदेशातल्या परवानाधारक साइटींवरची आहे.

बोटीवरच्या टेबलावर हँड हिस्टरीच (डावांची लेखी नोंद) नसते, तर ट्रॅकर वाचणार काय? तिथे तासाला २५-३० डाव होतात. मागच्या वीस डावांत कोणी किती वेळा स्वखुशीने पैसे घातले आणि त्यातले किती रेजने, एवढं मनात मोजलंत तरी कच्चा व्हीपीआयपी/पीएफआर हाती येतो. बाकी शोडाउनला उघडलेली पानं लक्षात ठेवा.

---

गणितवेडी

मँचेस्टरकर, साइट बदलणार असाल तर आधी तिथले नियम वाचा. जीजीपोकरवर बाहेरचा एचयूडी चालत नाही, त्यांचा स्वतःचा आतच असतो. पोकरस्टार्सवर साधा एचयूडी चालतो, पण परिस्थिती बघून आपोआप बदलणारे आकडे चालत नाहीत. दुसऱ्यांकडून डावांचा साठा विकत घेणं किंवा अदलाबदल करणं तिथे निषिद्ध आहे. खेळत असताना "आता काय करू" सांगणारं सॉफ्टवेअर तर सगळीकडेच.

---

मँचेस्टरकर

सगळ्यांचे आभार. पाटी नऊ आकड्यांवर आणली, "आफ्टर रेज" पॉपअपमध्ये लावला. एक शेवटचं: कधीकधी टेबल उघडल्यावर एचयूडी दिसतच नाही.

---

बटण_बहाद्दर

या क्रमाने तपासा.

१. पोकरस्टार्सच्या सेटिंग्जमध्ये प्लेइंग हिस्टरीत डाव साठवणं चालू आहे ना, आणि भाषा इंग्रजी आहे ना. दुसऱ्या भाषेतली फाइल ट्रॅकरला वाचता येत नाही.
२. तिथे जो फोल्डर दिसतो, तोच ट्रॅकरच्या साइट सेटिंगमध्ये आहे ना. विंडोज नव्याने टाकलं किंवा क्लायंट (पोकरस्टार्सचं अॅप) अपडेट झाला की हे हमखास बिघडतं.
३. क्लायंट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आणि ट्रॅकर साधा, असं असेल तर एचयूडी खिडकीला चिकटू शकत नाही. दोन्ही एकाच पद्धतीने चालवा.
४. मॅकवर ट्रॅकरला अॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते.
५. डावच आत येत नसतील तर पोस्टग्रेएसक्यूएलची (ट्रॅकरचा डेटाबेस) सर्व्हिस बंद पडली असेल, ती सुरू करा.

आणि टेबल नुकतंच उघडलं असेल तर एक डाव पूर्ण होऊ द्या. पहिल्या डावाची फाइल लिहून झाल्याशिवाय खुर्चीवर कोण बसलंय हे ट्रॅकरला कळत नाही.