सल्ला हवा : ठोकर खरी वाटेल असा रेसिंग गेम कोणता?

रिव्हर्सगिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोर्झा होरायझन 5 मध्ये डॅमेज 'सिम्युलेशन'वर ठेवला तरी 200 च्या वेगाने भिंतीत घातलेली गाडी बंपर लोंबकळत पुढे चालत राहते. मला असा गेम हवा आहे ज्यात जिथे मार बसला तिथलाच पत्रा चेपेल, मार खाल्लेल्या पुर्ज्याचा परिणाम चालवताना जाणवेल आणि 40 चा धक्का नि 80 चा धक्का यांत फरक दिसेल. ग्राफिक्स जुने असले तरी चालतील.

पीसी : रायझन 5 5600, 16 जीबी रॅम, आरटीएक्स 3060. स्टिअरिंग व्हील लॉजिटेक जी29. ऑनलाइन शर्यतींचा हट्ट नाही. धाकटा भाऊ प्लेस्टेशन 5 वर खेळतो, त्याच्यासाठीही सुचवा.

एपिलर

तुमच्या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या करणारा एकच गेम आहे, बीमएनजी ड्राइव्ह. जर्मनीतल्या ब्रेमेनची कंपनी आहे. 2013 पासून लोकांच्या हातात आहे, 2015 पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात 'अर्ली अ‍ॅक्सेस'मध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला).

बहुतेक गेममध्ये भौतिकशास्त्राच्या दृष्टीने गाडी म्हणजे एक कडक खोका असतो. टक्कर झाली की गेम एक आकडा काढतो, तो 'तब्येती'तून वजा करतो आणि वरचा पत्रा आधीच ठरवलेल्या आकारात चेपून दाखवतो. बीमएनजीत गाडी काही शे वजनदार बिंदू आणि त्यांना जोडणारे काही हजार दांडे यांची बनलेली असते. बिंदू म्हणजे नोड, दांडा म्हणजे बीम. प्रत्येक बीमला स्वतःचा ताठपणा असतो, किती जोर आला की कायमचा वाकेल याची मर्यादा असते आणि किती जोराला तुटेल याचीही. चेपलेला आकार कोणी आधी काढून ठेवलेला नसतो, तो त्या क्षणी गणितातून तयार होतो.

हे गणित सेकंदाला 2000 वेळा होतं. 100 किमी वेगाची गाडी सेकंदाला 27.8 मीटर जाते. सेकंदाला 60 वेळा हिशोब केला तर दोन हिशोबांत गाडी 46 सेंटीमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे बंपरपासून इंजिनापर्यंतचा सगळा भाग एकाच घासात संपला. 2000 वेळा केला तर दर खेपेला 1.4 सेंटीमीटर. त्यामुळे आधी बंपर, मग क्रॅश बॉक्स (बंपरमागचे धक्का शोषणारे डबे), मग रेडिएटर, मग चेसिसच्या लांब पट्ट्या असा क्रम खरोखर घडतो आणि स्लो मोशनमध्ये पाहता येतो.

तुमच्या पीसीबद्दल : इथे ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर महत्त्वाचा. प्रत्येक गाडीचं गणित ढोबळमानाने प्रोसेसरच्या एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एका धाग्यावर चालतं. 5600 ला 6 कोर आहेत, म्हणून ट्रॅफिकच्या 4-5 गाड्यांवर थांबा आणि ट्रॅफिक सेटिंगमध्ये सोप्या केलेल्या गाड्या वापरण्याचा पर्याय चालू करा. डायनॅमिक रिफ्लेक्शन्स बंद ठेवा, त्यात बरेच फ्रेम वाचतात. 16 जीबी रॅम पुरेल, पण मोठा मॅप उघडताना मागे ब्राउझरच्या वीस टॅब नकोत.

पहिली चाचणी अशी करा. ग्रिडमॅप व्ही2 हा चाचणीचा मॅप उघडा, साधी हॅचबॅक घ्या, इबिशू कोव्हेट चालेल. यूआय अ‍ॅप्समधून (स्क्रीनवर ठेवायच्या छोट्या खिडक्या) क्रूझ कंट्रोल लावा आणि वेग 64 ठेवा. काँक्रीटच्या ठोकळ्याला गाडीच्या रुंदीचा ड्रायव्हरकडचा 40 टक्के भागच लागेल अशी रेघ धरा. भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणी कार्यक्रमातल्या समोरच्या टकरीचंही हेच माप आहे, 64 किमी आणि 40 टक्के. टक्कर व्हायच्या जरा आधी न्यूट्रल टाका, नाहीतर क्रूझ कंट्रोल टकरीतही अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. कीबोर्डवरचं 'J' हे बटण दाबलं की खेळ थांबतो, ऑल्ट धरून खालचा बाण दाबला की स्लो मोशन सुरू होतं.

थांबवल्यावर बोनेट पाहू नका, ते सगळ्यात दिखाऊ असतं. पुढचं चाक मागे सरकून दाराखालच्या सिलला टेकलंय का, समोरच्या काचेच्या बाजूचा खांब कुठे मुडपलाय, दाराच्या वरच्या कोपऱ्यातली फट किती उघडलीय, हे पाहा. मग तीच चाचणी 80 वर करा. वेग सव्वापट झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपटीहून जास्त झाली. हा फरक थेट केबिनमध्ये दिसतो, कारण पुढचा चेपायचा भाग 64 लाच बराचसा खर्ची पडलेला असतो.

एक सावधगिरी. खऱ्या चाचणीतला अडथळा अ‍ॅल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा असतो आणि तो स्वतःही चेपतो. काँक्रीट चेपत नाही. म्हणून गेममधली गाडी जास्त मोडलेली दिसली तर त्यात गेमचा दोष नाही.

डर्टट्रॅक

बीमएनजीला अनुमोदन, पण शर्यत म्हणून तो कोरडा पडतो. मधल्या गाडीने तुम्हाला भिंतीवर दाबलंय, मागून दोन गाड्या घुसल्यात आणि तरी पाच लॅप बाकी आहेत, हे हवं असेल तर रेकफेस्ट. फिनलंडच्या बगबेअरचा आहे, 2018 चा. एका शर्यतीत 24 गाड्या उतरवतो आणि सगळ्यांचा पत्रा जिथे लागलं तिथे चेपतो. बीमएनजीत 24 गाड्या घरच्या पीसीवर धड चालणार नाहीत.

घेतल्या घेतल्या डॅमेज 'नॉर्मल'वरून 'रिअ‍ॅलिस्टिक'वर आणा. नॉर्मलमध्ये गाड्या फारच चिवट असतात आणि लोकांचा गैरसमज होतो की गेमच तसा आहे. दुसरं, गॅरेजमध्ये रोल केज (केबिनमधला पाइपांचा पिंजरा), जाड बंपर, बाजूच्या पट्ट्या लावता येतात, पण त्यांचं वजन असतं. सगळं चिलखत चढवलं की वळणावर गाडी बाहेर जाते आणि ब्रेक उशिरा लागतो. शर्यतीला फक्त रोल केज पुरे, डर्बीला (एकमेकांना ठोकून शेवटी चालता राहील तो जिंकतो) मागचा बंपर जाड ठेवा आणि शक्यतो रिव्हर्समध्येच मारा, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन वाचतं. खरे डर्बीवालेही हेच करतात.

धाकट्या भावासाठी हाच. बीमएनजी फक्त पीसीवर आहे, रेकफेस्ट प्लेस्टेशनवर मिळतो.

पेसनोट

चालवताना जाणवणारा परिणाम हवा असेल तर रॅलीकडे या. सर्किटवर ठोकलं की पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) जाता येतं. रॅलीत स्टेज (रस्त्याचा एकेक टप्पा) सुरू असताना मदतीला कोणीच येत नाही.

रिचर्ड बर्न्स रॅली 2004 चा आहे आणि आजही खेळला जातो, कारण हंगेरीच्या रॅलीसिमफॅन्स गटाचं फुकट पॅकेज त्याला जिवंत ठेवून आहे. त्यात डॅमेज 'रिअ‍ॅलिस्टिक'वर ठेवा. खांबाला पुढून लागलं तर रेडिएटर जातो आणि इंजिन तापू लागतं. कडेच्या दगडाला चाक घासलं की व्हील सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढते. जी29 वर हे हाताला कळतं, गेमपॅडवर निम्मंच कळेल.

नवं काही हवं असेल तर डर्ट रॅली 2.0, 'हार्डकोअर डॅमेज' चालू करून. स्टेजांच्या मधल्या सर्व्हिसमध्ये दुरुस्तीला मोजका वेळ मिळतो. टायर, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांतलं काय आधी करायचं हे तुम्ही ठरवायचं. पत्र्याचं चेपणं बीमएनजीच्या जवळपासही नाही, पण ठोकरीची किंमत मोजायला लावतो.

तेलपाणी

मोठ्या गेममध्ये गाड्या का मोडत नाहीत यावर थोडं. नेहमीचं उत्तर लायसन्सचं. कार कंपन्यांना आपली गाडी उलटलेली, केबिन चेपलेली दाखवायला आवडत नाही, आणि करारात तशा अटी असतात. बीमएनजी आणि रेकफेस्टमधल्या सगळ्या गाड्या काल्पनिक आहेत, बर्नआउट या गेममालिकेतही तसंच.

एपिलर

@तेलपाणी, अर्धंच खरं. 2008 च्या ग्रिड या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या आणि तरी चाकं निखळायची, बोनेट उडायचे, स्टिअरिंग वाकडं व्हायचं. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या गेममध्येही बहुतेक लायसन्सच्या रेसिंग गाड्या आहेत, आणि 2019 च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या डॅमेज मॉडेलमध्ये त्यांचे भाग तुटून ट्रॅकवर पडतात.

माझ्या मते खरी अडचण कामाची आणि प्रोसेसरची आहे. ज्या गेममध्ये 500 गाड्या आहेत तिथे प्रत्येक गाडीचा आतला सांगाडा, मोडणारे सांधे, बोनेटखालचं सगळं बनवावं लागेल. बीमएनजीने इतक्या वर्षांत मोजकीच मॉडेलं ठेवली आहेत, कारण एकेक गाडी खपून उभी करावी लागते. त्यात कन्सोलवर 20 गाड्या 60 फ्रेमने पळवायच्या म्हटलं की मऊ सांगाड्याचं गणित पहिलं कापलं जातं.

तेलपाणी

मान्य. ग्रिड विसरायला नको होता.

पत्रेकाम

बीमएनजीवाल्यांना प्रश्न. नेटवरून उतरवलेल्या मॉडच्या (चाहत्यांनी बनवलेल्या) काही गाड्या 60 ला भिंतीवर आदळल्या की पापडासारख्या चुरतात, काही चेंडूसारख्या मागे उसळतात आणि एक तर जागेवर उभी असतानाच थरथरत फुटते. मूळ गाड्यांना हे होत नाही. दुरुस्त करता येतं का?

एपिलर

येतं. गाडीचा सांगाडा जेबीम फाइलमध्ये असतो, ती साधी मजकुराची फाइल आहे. मॉडची झिप यूजर फोल्डरमधल्या मॉड्सच्या 'अनपॅक्ड' फोल्डरमध्ये उघडा आणि मूळ झिप बंद करा, नाहीतर दोन्ही एकावर एक चढतात आणि तुमचे बदल दिसतच नाहीत.

चार आकडे महत्त्वाचे. बीमस्प्रिंग म्हणजे ताठपणा, बीमडॅम्प म्हणजे हेलकावे शमवणारा अवरोध, बीमडिफॉर्म म्हणजे किती न्यूटनला दांडा कायमचा वाकेल आणि बीमस्ट्रेंग्थ म्हणजे किती न्यूटनला तुटेल.

गाडी चुरते तेव्हा बीमस्ट्रेंग्थ फार कमी असते. दांडे वाकायच्या आधीच तुटतात. खऱ्या मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच असलेल्या) बॉडीचा पोलाद आधी वाकतो, घड्या पडतात. म्हणून मुख्य बॉडीच्या दांड्यांना तुटायची मर्यादा जवळजवळ नसावी (त्यासाठी 'एफएलटी मॅक्स' लिहितात) आणि ती फक्त बिजागऱ्या, बंपरचे सांधे, आरसे, सस्पेन्शनचे जोड यांना द्यावी.

गाडी उसळते तेव्हा बीमडिफॉर्मच अफाट ठेवलेला असतो. काहीच कायमचं वाकत नाही, सगळी ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठते आणि परत मिळते. पुढच्या भागाचा बीमडिफॉर्म कमी करा, मधल्या केबिनचा त्याच्या काही पट ठेवा. या चढत्या क्रमामुळेच क्रम्पल झोन, म्हणजे आधी चेपून केबिन वाचवणारा भाग, तयार होतो. मॉडमध्ये बहुतेक वेळा नाकापासून डिकीपर्यंत एकच आकडा असतो, म्हणून अख्खी गाडी सारखी चेपते.

थरथरणं ही ताठपणा आणि वजन यांची भांडणं. हिशोब 0.0005 सेकंदांच्या पावलांनी होतो, त्या पावलाला झेपेल त्याहून वेगाने नोड हलला की चूक दर पावलाला वाढत जाते. ढोबळ सीमा अशी : 1 किलोच्या नोडला एका दिशेने जोडलेल्या बीमांचा ताठपणा मिळून 1.6 कोटी न्यूटन प्रति मीटर झाला की फुटलंच. व्यवहारात त्याच्या बरंच खाली राहा. स्प्रिंग कमी करणं किंवा नोडचं वजन वाढवणं, दोनच उपाय. डॅम्प वाढवून थरथर थांबत नाही, अति डॅम्पनेही गाडी फुटते.

कंट्रोल आणि बी दाबून बीम दिसतात. दोषी नोड कुठे आहे ते थरथर सुरू होते त्या कोपऱ्यात सापडतं, बहुधा आरसा, वायपर किंवा एक्झॉस्टचं टोक, कारण हलके नोड तिथेच असतात. एका वेळी एकच आकडा बदला आणि गाडी रिलोड करून बघा.

पेसनोट

@एपिलर, बीमएनजीच्या उणिवाही सांगून टाका, नाहीतर रिव्हर्सगिअर फार अपेक्षा धरतील.

एपिलर

सांगतो. पत्रा फाटत नाही. ठरवलेले भाग सुटतात, पण मधूनच चीर पडत नाही, त्यामुळे फार जोराच्या टकरीत कडेचा पत्रा रबरासारखा ताणलेला दिसतो. टक्कर नोड आणि त्रिकोणी पृष्ठभाग यांच्यात मोजली जाते, कड आणि कड यांच्यात नाही, म्हणून दोन गाड्यांच्या कडा कधी कधी एकमेकींत घुसून अडकतात. आणि ऑनलाइन खेळायला बीमएमपी नावाचा मॉड आहे, पण त्यात प्रत्येकाचा पीसी आपापल्या गाडीचा हिशोब करतो. इंटरनेटला जरा उशीर झाला की एकाच टकरीचे दोघांना दोन वेगळे निकाल दिसतात.

मात्र यंत्राच्या बाजूला तो फार पुढे आहे. 40 च्या वेगाने झाडाला मधोमध लावा आणि गाडी तशीच चालवत राहा. रेडिएटर फुटला असेल तर पाणी जातं, तापमान चढतं, आधी हेड गॅस्केट, मग पिस्टन रिंग जातात. ताकद टप्प्याटप्प्याने कमी होते, एकदम बंद पडत नाही. इंजिनचं तापमान दाखवणारं अ‍ॅप स्क्रीनवर ठेवा म्हणजे काय चाललंय ते कळेल. तेलाचं चेंबर दगडाला लागलं तर वेगळीच साखळी सुरू होते.

रिव्हर्सगिअर

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. बीमएनजी घेतो, भावाला रेकफेस्ट. शेवटचा प्रश्न : सर्किटवरचं काही? असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने कसा आहे?

डर्टट्रॅक

जीटी3 शर्यतींसाठी (स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या रेसिंग गाड्या) उत्तम, ठोकर बघायला नाही. पत्रा थोडाच चेपतो. बॉडीला मार बसला की गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर बिघडून वेगाच्या वळणावर गाडी घसरते, सस्पेन्शनला बसला की ओढते. पिट मेनूत बॉडी आणि सस्पेन्शनची दुरुस्ती वेगवेगळी निवडता येते. शेवटच्या दहा मिनिटांत बॉडीची दुरुस्ती सहसा सोडून द्यावी, थांबण्यात गेलेला वेळ भरून निघत नाही.

फॉर्म्युला वन हवं असेल तर एफ1 2021 आणि नंतरचे घ्या. त्या आवृत्तीपासून पुढच्या पंखाबरोबर साइडपॉड (बाजूचे फुगवटे), फ्लोर (तळ) आणि डिफ्यूझर (तळाचं मागचं टोक) यांचंही नुकसान होतं. डॅमेज 'सिम्युलेशन'वर ठेवा.

एपिलर

आणि बीमएनजी स्टीमवरूनच घ्या. 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. मेनूत नुसता उघडा ठेवलेला वेळही त्या 2 तासांत धरला जातो, म्हणून आधी एसएसडीवर टाका, पहिल्यांदा ग्रिडमॅपच उघडा आणि मोठे मॅप नंतर. जी29 चं व्हील गेम सुरू करायच्या आधी जोडा, मग फोर्स फीडबॅकची (व्हील हाताला देतं त्या जोराची) दिशा तपासा. व्हील मधोमध येण्याऐवजी कडेला ओढत असेल तर कंट्रोल्समध्ये फोर्स फीडबॅकची दिशा उलटी करायची.