बाहुल्या जमवणारे पुरुष: लोक काय म्हणतात आणि कपाटात काय करावे लागते

बाहुल्या जमवणारा पुरुष म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलीसाठी का?" नाही म्हटले की समोरचा गप्प होतो आणि त्या गप्प होण्यात सगळे येते. म्हणून या छंदात मुरलेल्यांकडून अनुभव मागवले. अट एकच, स्वतःची कहाणी नको. अडचण नेमकी कुठे येते, का येते आणि हाताला काय करावे लागते, तेवढेच लिहायचे. आलेले मजकूर गावाच्या नावाने दिले आहेत.

पुण्याहून

हा सगळा शब्दांचा खेळ आहे, आणि तो मुद्दाम खेळला गेला आहे. १९६४ मध्ये हॅसब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. १२ इंच उंची, हलणारे सांधे, काढता-घालता येणारे कपडे, म्हणजे सरळसरळ बाहुला. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने कंपनीने 'डॉल' हा शब्दच वर्ज्य केला आणि 'अ‍ॅक्शन फिगर' हे नाव काढले. आजही ज्याच्या टेबलावर बारा सुपरहिरो उभे असतात त्याला कोणी काही विचारत नाही, आणि शेजारी साडीतली एक बाहुली ठेवली की भुवया वर जातात. प्लास्टिक तेच, सांधे तेच.

आपल्याकडेही तेच. रामदास पाध्ये अर्धवटरावाला घेऊन रंगमंचावर आले की टाळ्या पडतात. दिनकर केळकरांनी जमवलेले दिवे आणि अडकित्ते बघायला शाळांच्या सहली येतात. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरचे बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी उभे केले. मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून द्यायला आलेली हंगेरीची एक बाहुली त्यांच्या मनात भरली आणि तिथून संग्रह वाढत गेला. बाहुली नाचवणारा पुरुष चालतो, घडवणारा चालतो, संग्रहालय काढणारा तर आदरणीय. घरात नुसती ठेवणाराच तेवढा खटकतो, कारण त्याचे काम दिसत नाही.

म्हणून काम दिसू द्या. पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा: क्रमांक, कुठून आली, किंमत, उंची सेंटिमीटरमध्ये, साहित्य, पाठीवरचा ठसा, काय दुरुस्ती केली. क्रमांक बाहुलीवर पेनाने लिहू नका, शाई व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लास्टिकमध्ये, उतरते आणि पसरते. सुती फितीवर लिहून फीत मनगटाला सैल बांधा. पाहुण्याने वही चाळली की पुढचे प्रश्न वेगळे येतात, हे आम्ही बऱ्याच घरांत पाहिले आहे.

कुडाळहून

कोकणात हा प्रश्न मुळातच वेगळा आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्या पुरुषांच्याच हातात राहिल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या रंगवली जातात. इथे बाहुली हातात धरलेल्या पुरुषाकडे कोणी वळून बघत नाही. बघतात ते शहरातून घ्यायला आलेल्याकडे.

लाकडी बाहुल्या जमवणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरायचे नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी चरकावर लाख चढवून रंगवतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसले की चकाकी जाते, दुसऱ्यांदा रंग फडक्यावर येतो. कोरडा मऊ ब्रश पुरतो. आंध्रातल्या कोंडापल्लीच्या जुन्या लाकडी बाहुलीला तर ओले फडकेही लावू नका.

दुसरी, कीड. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड पोखरणाऱ्या किड्याला फार आवडते. बाहुलीखाली काळा कागद ठेवा आणि आठ दिवसांनी बघा. पिवळसर पीठ पडले असेल तर कीड जिवंत आहे, नुसती भोके असतील तर बहुधा जुनी. जिवंत असेल तर बाहुली मऊ कागदात गुंडाळून दोन पॉलिथीन पिशव्यांत हवा काढून बंद करायची आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा चालत नाही, तो सारखा उघडझाप होतो. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाईने उघडली की दमट हवेतले पाणी थेट थंड रंगावर जमते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. पिशवी बंद असली तर तेच पाणी बाहेरून जमते. रंगाला आधीच भेगा असतील तर हा उपाय करू नका.

डांबराच्या गोळ्या कपाटात नकोतच. त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. लाकडी आणि प्लास्टिकच्या बाहुल्या एकाच कपाटात असतील तर लाकडासाठी ठेवलेल्या गोळ्यांनी प्लास्टिकचे नुकसान होऊ शकते.

ठाण्याहून

बार्बी जमवणाऱ्या पुरुषाला सर्वांत जास्त ऐकावे लागते, म्हणून थोडे सविस्तर.

जुन्या बाजारात विकणारा पाठीवरचा '१९६६' दाखवून मोठी किंमत सांगतो. ते साल साच्याच्या हक्काचे आहे, बाहुली बनल्याचे नाही. तोच ठसा नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांवरही आहे. देशाचे नाव बघा, डोक्याच्या आतल्या कडेवरचे साल बघा, मग बोला. भारतात लिओ मॅटेलने बनवलेल्या साडीतल्या बार्बी हा आपल्याकडच्या संग्राहकांचा खास विषय आहे. पुरुष गिऱ्हाइकाला संकोच असतो, तो घासाघीस न करता पिशवीत टाकून निघतो, आणि विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. दिवसाउजेडी, भिंग घेऊन, बाहुलीचे कपडे काढून तपासा. सांध्याचा तडा कपड्याखालीच असतो.

कानाजवळचा हिरवा डाग: कर्णफुलातले तांबे व्हिनाइलमधल्या तेलकट द्रव्याशी मिळून हा डाग पडतो. आधी कर्णफुले काढा, नाहीतर डाग परत येणारच. औषधाच्या दुकानात मुरमांसाठी मिळणारे ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल फक्त डागावर लावा, वाळू नये म्हणून वर स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म चिकटवा आणि उन्हात ठेवा. संध्याकाळी साबणाच्या पाण्याने धुवा. असे चार-पाच दिवस. ओठाडोळ्यांच्या रंगाला जेल लागता कामा नये. डाग फिका झाला की थांबा. जेल नीट धुतले नाही तर त्याचे काम आतून चालूच राहते, आणि सावळ्या बाहुलीवर पांढरा चट्टा उठतो तो कायमचा.

केस: शाम्पूने गार पाण्यात धुवा, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर या. वळण द्यायचे तर स्ट्रॉच्या तुकड्यांवर गुंडाळून, उकळी थांबलेले पाणी अर्धा मिनिट ओता, लगेच गार पाणी. बाहुलीचे केस सारन या प्लास्टिक धाग्याचे असतील तर हे सोसतात. पॉलिप्रॉपिलीनचे मात्र ताठ आणि झिपरे होतात, म्हणून आधी मानेजवळच्या चार केसांवर बघा. डोक्यात शिरलेले पाणी दाबून काढा, नाहीतर आतून बुरशी धरते. डोके काढायचे असेल तर दोन-तीन मिनिटे गरम पाण्यात धरून हलकेच डुलवत काढा. गार असताना ओढले की मानेचा गोळा फाटतो.

१९६१चा पहिला केन, म्हणजे बार्बीचा जोडीदार बाहुला, मिळाला तर त्याच्या डोक्याला पाणी लावू नका. केस मखमलीसारखे चिकटवलेले आहेत, भिजले की निघतात. पुढच्याच वर्षी कंपनीला साच्यातले केस द्यावे लागले ते याचमुळे.

मुंबईहून

जपानच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी आणली, तेव्हापासून रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या कडक प्लास्टिकच्या), गोल सांध्यांच्या मोठ्या बाहुल्यांचा छंद जगभर पसरला. तिकडे पुरुष बाहुली घेऊन बागेत फोटो काढायला जातात. आपल्याकडे लोक हटकतात, मग साठ सेंटिमीटरची बाहुली घाईने पिशवीत कोंबली जाते आणि बोटे मोडतात. पहाटे जा, आणि आत स्पंज लावलेली कॅमेऱ्याची बॅग वापरा.

सांधे धरून ठेवणारे आतले इलॅस्टिक दोनेक वर्षांत सैल पडते. या उंचीला साधारण ४ मिलिमीटर जाडीचे लागते. जुन्याचे माप घेऊ नका, ते ताणलेले असते. त्याहून दहाएक टक्के आखूड कापा. मानेतून ओढून आडवी पेन्सिल अडकवा, मग हुक लावा. खाली घडी घातलेला टॉवेल हवाच, सुटलेला सांधा फरशीवर आपटला की टवका उडतो. घासकाम पाण्याखाली करा आणि एन-९५ मास्क लावा, रेझिनची धूळ छातीला वाईट.

चेहऱ्याच्या रंगावरचा मॅट स्प्रे जून ते सप्टेंबर मारू नका. दमट हवेत तो पांढरा फुटतो आणि सगळा चेहरा पुसून नव्याने करावा लागतो. थांबता येत नसेल तर खोली एसीने कोरडी करा, ओलावा ६० टक्क्यांखाली आला की मारा.

सोलापूरहून

आमच्या भागात टिंगलीपेक्षा भीती जास्त आहे. कापडी बाहुली, तीही टाचण्या टोचलेली दिसली की "करणी" हा शब्द निघतो, आणि घरमालक खोली खाली करायला सांगतो. टाचण्या लावूच नका. तशाही त्या पावसाळ्यात गंजतात आणि साडीवर तांबूस ठिपका कायमचा बसतो. पदर दोन कच्च्या टाक्यांनी धरा. काळ्या कापडाची बाहुली दारासमोर मांडू नका, आणि काचेचे डोळे थेट दाराकडे रोखलेले ठेवू नका, चेहरा थोडा तिरका करा. लहान मूल असलेल्या घरातून कोणी आले तर कुलूप लावण्याऐवजी हातात द्यायला एक वेगळी, धुता येणारी बाहुली काढून ठेवा. कुलूप दिसले की संशय वाढतो.

बंगळुरूहून

परदेशातून मागवताना लाजेपोटी पाठवणाऱ्याला "गिफ्ट" किंवा "टॉय" लिहायला सांगू नका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे, आणि "टॉय" लिहिलेले पार्सल त्यात अडकू शकते. प्रौढांसाठीची संग्राह्य बाहुली असेल तर बिलावर तसेच, वयोगटासह, खरी किंमत घालून लिहून घ्या. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा.

कोल्हापूरहून

लग्नाच्या बोलणीत हा विषय केव्हा काढायचा, असे बरेचजण विचारतात. मुलगी घर बघायला येईल त्याआधी, फोनवरच. कपाटाचा फोटो पाठवा, खर्च महिन्याला किती ते आकड्यात सांगा आणि जागा किती लागते ते फुटांत सांगा. "थोडा छंद आहे" असे मोघम सांगितले की नंतर दोनशे बाहुल्या बघून फसवल्याची भावना होते, आणि ती रास्त असते. आईवडिलांपुढे कपाट उघडे ठेवा. पांघरूण घालून लपवले तर लोक नको ते समजतात, शिवाय प्लास्टिकच्या पांघरुणाखाली व्हिनाइल घामेजते आणि हाताला चिकट लागू लागते. झाकायचेच असेल तर धुतलेल्या मलमलीने.